मंजरथच्या अलीकडे

त्या सोमवारी शिवकन्या नेहमीच्याच वेळी उठली. बिंदुसरा नदीपलीकडच्या मशिदीतली बांग संपली होती, पण गल्लीत अजून पुरते उजाडले नव्हते. तिने दारात सडा घातला, राखेखाली झाकून ठेवलेला निखारा चिमट्याने उकरला, त्यावर पऱ्हाटीच्या काड्या रचून फुंकणीने जाळ केला आणि पाण्याचे भगुणे चढवून ती जात्यापाशी बसली. दळायची ज्वारी दोन शेर होती. जात्याच्या घरघरीत ती मनातल्या मनात प्रवासाची बांधाबांध करीत होती : नवऱ्याचे दोन धोतरजोडे, वाटेसाठी दशम्या, आईसाठी बीडच्या बाजारातली चिकणी सुपारी, आणि अंबूची वाकळ. बाहेर ओट्यावर विठ्ठलराव निंबाच्या काडीने दात घाशीत शेजाऱ्याला सांगत होते की आठ दिवसांच्या रजेची रुखसत मंजूर झाली, आणि सरकारी मदरशातले पोरांचे उर्दूचे धडेही वेळेत संपवून झाले. शिवकन्येने पीठ सुपात भरले, जात्याची पाळी पुसली आणि उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकला. त्याच वेळी भिंतीशी घडी करून ठेवलेल्या वाकळीखालून एक उंदीर बाहेर आला. माणसाला पाहून तो पळाला नाही. दारू प्यालेल्या माणसासारखा तो झोकांड्या खात दोन हात पुढे आला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, कुशीवर कलला, पाय ताणले आणि तिच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर निपचित झाला.

ती किती वेळ तशीच बसून होती हे तिला पुढे कधीच सांगता आले नाही. भगुण्यातले पाणी उकळून जाळात सांडले तेव्हा ती भानावर आली. तिने चिमट्याने उंदीर उचलला, फुटक्या खापरात ठेवला, वर दोन मुठी राख टाकली आणि परसात जाऊन बोरीच्या काट्यांमागच्या खड्ड्यात तो पुरला. परत येऊन तेवढी जागा शेणाने सारवली. “काय पडलं गं?” विठ्ठलरावांनी बाहेरून विचारले. “सूप,” ती म्हणाली. एवढेच. एका शब्दात ते झाले, आणि इतक्या सहज झाले की नंतर चुलीतल्या काड्या पुढे सारताना तिला क्षणभर वाटलेही की खरोखरच सूप पडले असावे.

आज गुरुवार होता. गाडीवाटेचे दोन दिवस संपले होते. गेवराई ओलांडून ती दोघे सूर्य उगवायच्या बेताला गंगेच्या घाटावर पोचली तेव्हा पाण्यावर धुके होते. गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. इथून नावेने खाली पूर्वेकडे, शिवकन्येच्या माहेरी मंजरथपर्यंत जायचे, असे विठ्ठलरावांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी कबूल केले होते. “रस्त्याने काय, गाडीत हाडं खिळखिळी होतात. नदीने जाऊ, दोघंच. राजाराणीसारखं,” ते म्हणाले होते, आणि म्हणताना स्वतःच लाजले होते. शेतकऱ्याच्या घरातला शिकलेला पहिला माणूस. त्यांना अशी वाक्ये बोलायला आवडत आणि बोलून झाल्यावर कुठे पाहावे ते कळत नसे. त्या गोष्टीला सहा वर्षे झाली. मध्ये अंबू झाली, मग दुसरे मूल जन्मताच गेले, शिवकन्या अंथरुणाला खिळली, आणि आई येऊन चार वर्षांच्या अंबूला मंजरथला घेऊन गेली. त्यालाही आता आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत शिवकन्येने ती वाकळ शिवली. आपल्या लग्नातले हिरवे लुगडे, नवऱ्याचा जुना पटका, अंबूचे आखूड झालेले तांबडे झबले. टाका टाकताना प्रत्येक वेळी ती लेकीच्या उंचीचा अंदाज घेई आणि प्रत्येक वेळी वाकळ थोडी वाढवी.

विठ्ठलरावांनी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून एक हात वर केला. पलीकडच्या काठावरची नाव हलली. या काठांवर तोच रिवाज होता. हाकेतले शब्द पाण्यावरून पोचत नाहीत, म्हणून हात वर दिसला की ज्या भोयाची नाव मोकळी असेल त्याने निघायचे. कोण आहे, काय काम आहे, हे विचारायचे ते अलीकडे आल्यावर. नाव आली. नावाडी सटवा भोई तिशीतला, अंगाने काटक होता. नावेच्या मागच्या टोकाला त्याची म्हातारी आई बायनाबाई घोंगडीच्या तुकड्यात मुटकुळे करून बसली होती. तिलाही मंजरथला लेकीकडे जायचे होते. सटव्याने नाव काठाला लावली, पण दोघांना चढू दिले नाही. नाव रेटायचा वासा आडवा धरून तो म्हणाला, “मास्तर, राग धरू नका. दिवस वाईट हायत, गाठीची साथ हाय. गंगंत हात घाला आन सांगा, घरात उंदीर पडला न्हाई म्हनून. मग बसा.”

विठ्ठलराव हसले. “अरे, शिकलेल्या माणसाकडून शपथ घेतोस?”

“शिकलेलंच लई सफाईनं खोटं बोलतेत, मास्तर. अडाण्याचं तोंडावर दिसतं.”

मागून म्हातारी खुदकन हसली. विठ्ठलरावही हसले, वाकले, मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि वर्गात धडा म्हणून दाखवावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, “आमच्या घरात उंदीर पडलेला नाही.” सटव्याने शिवकन्येकडे पाहिले. ती वाकली. पाणी बर्फासारखे होते. बोटे बुडाली, आणि तिच्या तोंडून शब्द आले ते असे : “यांनी सांगितलं की.” सटव्याने वासा बाजूला केला. “जोडप्याचा हात एकच. बसा.” नावेत पाय टाकताना नाव तिच्या वजनाने एका बाजूला झुकली. नवऱ्याने तिला दंडाला धरून सावरले, आणि तो ओला हात तिला दंडावर कितीतरी वेळ गार लागत राहिला.

नाव प्रवाहाला लागली. धुके विरले तसे दोन्ही काठ दिसू लागले; काळ्या मातीच्या उभ्या दरडी, वर ज्वारीची हिरवी रांग, माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा कुणी, त्याच्या गोफणीचा फटकार आणि मग एकदम उडालेला चिमण्यांचा थवा. विठ्ठलराव लहान मुलासारखे सगळे दाखवत होते. तो बघ खंड्या. ती बघ सुसर, वाळूवर, ओंडका नव्हे, सुसरच. शिवकन्या पाहत होती आणि काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हते. पदराखालून तिचा उजवा हात पुन्हा पुन्हा डाव्या काखेत जात होता. तिथे काही होते का? गाडीच्या धक्क्यांनी सगळे अंगच ठणकत होते. दाबले की दुखे. पण इतक्यांदा दाबल्यावर कुठलीही जागा दुखेलच. ऊन चढत होते म्हणून कपाळ तापत होते की कपाळ तापत होते म्हणून ऊन बोचत होते? ती ओंजळीने पाणी प्याली, आणि लगेच मनात आले की या रोगात तहान लागते म्हणतात. मामालाही तहान लागली होती.

मामा कडा गावाहून आला तेव्हा ती सात वर्षांची होती. आईचा धाकटा भाऊ, बोलघेवडा, गावात शिरला की गल्लीभर कळायचे. त्याने रेवड्या आणल्या होत्या, तिला खांद्यावर घेऊन वेशीपासून घरापर्यंत नाचत आणले होते. त्याच्या पागोट्याला येणारा घामाचा आणि तंबाखूचा वास तिला अजून आठवे. तिसऱ्या दिवशी तो गोठ्यात जाऊन झोपला आणि कुणी जवळ गेले की म्हणे, पाणी तेवढं ठेवा आन जावा. मग दादा पडला. मग आजोबा. मग गाव उठून रानात गेले, तुराट्यांच्या खोपींत, आणि सरकारी माणसांनी मागे घरांच्या माळवदांना भोके पाडली, आत ऊन यावे म्हणून. त्या खोपीतच दोन दिवसांच्या अंतराने काकी गेली. चार माणसे. नंतर कुणाकडून तरी कळले की कड्याच्या घरात मामा निघायच्या आदल्या दिवशी उंदीर पडला होता. बहिणीला भेटायची ओढ होती, यंदा गेलो नाही तर पुढच्या साली बघू असे होईल, म्हणून तो निघाला. आई आपल्या भावासाठी रडली नाही. मुलासाठी रडली, सासऱ्यासाठी रडली, जावेसाठी रडली. भावाचे नाव निघाले की ती हातातले काम थांबवी आणि एवढेच म्हणे, “त्यानं येशीबाहीरून हाक मारायला पायजे होती.” वर्षे गेली, तरी त्या वाक्यातला एक शब्द बदलला नव्हता. आणि त्या आईच्या कडेवर आज अंबू होती.

मग आपण का निघालो? शिवकन्येने स्वतःला हा प्रश्न गाडीत, मुक्कामाच्या धर्मशाळेत, आणि आता या पाण्यावर, किती वेळा विचारला असेल. उत्तर दर वेळी निराळे येई. उंदीर म्हातारा असेल. शेजाऱ्याने विष घातले असेल. सांगितले असते तर सरकारी माणसांनी सगळी गल्ली उठवली असती, शेजारच्या पिंजाऱ्याची बाळंतीण सूनसुद्धा थंडीत उघड्यावर गेली असती. ही सगळी उत्तरे खरी होती आणि एकही खरे नव्हते. खरे इतकेच होते की उंदीर पडला त्या क्षणी तिला अंबूच्या मानेवरचा वास आठवला होता, तेल आणि धूळ यांचा, आणि तो आता मिळणार नाही हे तिला सहन झाले नव्हते. पिंजाऱ्याच्या सुनेला वाचवायचे म्हणून ती गप्प बसली, की त्याच गप्प बसण्याने तिने त्या बाळंतिणीला उंदरांत सोडले?

“का वं मास्तर,” मागून बायनाबाईचा आवाज आला, “नवराबायकू मिळून नावंत बसलाव, हवा खात चाललाव, आन तुमच्या मंडळीचं तोंड असं कावून? जनू कचेरीत जबानी द्यायला निगाली.”

“माहेर जवळ येतंय ना, म्हणून गप्प आहे,” विठ्ठलराव म्हणाले.

“म्हायार जवळ आलं की बाईमानूस बडबडतंय वं. मी तर माज्या येळी काठावनंच बोंबलायची.” ती हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. घोंगडीचा तुकडा तिच्या गुडघ्यांना पुरत नव्हता. पाण्यावरचे वारे अजून झोंबत होते. तिची नजर गाठोड्यावर गेली. “लेकी, ती वाकळ दे की जरा. पाय आखडलेत माझे.”

शिवकन्येचा हात गाठोड्यावर घट्ट झाला. “नवी आहे,” ती म्हणाली. “लेकीची आहे.”

“मग? माझ्या अंगाला काय काटं हायत? का आमच्या जातीची अडचन हाय?”

विठ्ठलरावांचा चेहरा लाल झाला. “अगं, काय हे?” ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि तिला काही सुचायच्या आत त्यांनी स्वतः गाठ सोडली, वाकळ उलगडली आणि म्हातारीच्या गुडघ्यांवर पसरली. हिरवे लुगडे, पटक्याचा केशरी तुकडा, तांबडे झबले. बायनाबाईने ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली. सुरकुतलेल्या बोटांनी टाक्यांवरून हात फिरवला. “लई बारीक टाका हाय गं तुझा. किती येळ लागला?” आणि मग सटव्याकडे वळून, “बग रं, तुज्या बायकूला दाखव म्हनावं. दोन लेकरं झाली, एक धड दुपटं शिवलं न्हाई तिनं.”

दोन लेकरे. शिवकन्येला ऐकू आले ते तेवढेच. नाव वळणावर आली होती, पाणी खडकांना घासून खळखळत होते, सटवा वासा रोवून तोंडाने हुंकार काढीत होता, नवरा काहीतरी दाखवत होता. आणि तिला दिसत होती फक्त वाकळीची एक कड, खालची, हिरव्या लुगड्याची, जिच्याखालून सोमवारी तो उंदीर बाहेर आला होता. ती कड म्हातारीच्या पायांखाली गेली होती. म्हातारी ती पायांनी आत खोचीत होती, उबेसाठी. तिच्या बोटांच्या नखांत हळद होती. आज सकाळी कुणाला तरी हळद लावून निघाली असेल, नातवाला खरचटले असेल. मामाने रेवड्या वाटल्या होत्या, प्रत्येकाच्या हातावर दोन दोन, मोजून, आणि तिच्या हातावर तीन. शिवकन्या उठली. नाव डुलली. “बस, बस खाली!” विठ्ठलराव ओरडले. ती खाली न बसता वाकली, दोन्ही हातांनी वाकळ धरली आणि म्हातारीच्या अंगावरून ओढून घेतली.

“आमच्या घरात उंदीर पडला होता,” ती म्हणाली. “सोमवारी. या वाकळीखालून निघाला.”

सटव्याचा वासा पाण्यात तसाच राहिला. नाव आपोआप वाहत होती. विठ्ठलरावांनी आपला उजवा हात समोर धरला आणि ते त्याच्याकडे पाहत राहिले, जणू तो पहिल्यांदाच दिसत असावा. ते म्हणाले, “मी गंगेत हात घातला होता.”

“तुमचा हात खराच होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“आणि तू शेजारी वाकून उभी होतीस.”

आपण शिव्या खाऊ, मार खाऊ, सटवा नाव उलटी फिरवील, असे तिला वाटले होते. यांतले काहीच झाले नाही, आणि ते जास्त जड होते. शेवटी बायनाबाई बोलली. तिचा आवाज बदलला होता, त्यातली थट्टा गेली होती. “माझं काय पोरी. माझं झालंय सगळं. पन ह्येला दोन लेकरं हायत.” सटवा मान खाली घालून म्हणाला, “आये, गप. वाकळ धा-वीस पळं तर व्हती.” “तू गप,” म्हातारी म्हणाली. “नावंतनं उतरायचं न्हाई आपन. धा दिस. नाव संगमाच्या आडोशाला बांधायची आन नावंतच ऱ्हायचं. भाकरी ठिवतील कुनी दरडीवर.” ती हे इतक्या सरळपणे बोलली की जणू पावसात अडकल्यावर कुठे थांबायचे ते ठरवीत होती. मग तिने घोंगडीचा तुकडा पुन्हा गुडघ्यांवर ओढला. तो पुरत नव्हता.

दुपार उतरू लागली होती. विठ्ठलराव हळूहळू समजुतीच्या गोष्टी बोलू लागले. ते रागावले होते, पण राग धरून ठेवणे त्यांना कधी जमले नव्हते. एक उंदीर म्हणजे काही साथ नव्हे. अंगात ताप नाही. आपण गावात उतरू, मागच्या पडवीत राहू, अंबूला लांबूनच पाहू, चार हात अंतरावरून. वाकळ उन्हात टाकू. चार दिवसांत काय ते कळेल. त्यांचे प्रत्येक वाक्य पटण्याजोगे होते, आणि शिवकन्येला प्रत्येक वाक्यासरशी अंबू दिसत होती : पडवीच्या दारात, मग एक पाऊल आत, मग धावत. चार हातांचे अंतर चार वर्षांच्या मुलीला कोण समजावणार? तिला स्वतःला कोण समजावणार? अंबू धावत आली तर आपले हात मागे राहतील, याची तिला मुळीच खात्री नव्हती. तिला भीती वाटत होती ती आता गाठीची नव्हती, तापाचीही नव्हती. स्वतःच्या हातांची होती.

संगम आता थोडाच पुढे होता, मंजरथचा घाट लांबून दिसू लागला होता. सिंधफणा नदीचे गढूळ पाणी गंगेत मिसळते, त्याच्या अलीकडे, पात्राच्या मधोमध वाळूचे एक बेट वर आले होते. त्यावर कुणीतरी टरबुजाच्या वेलांसाठी आळी खणून ठेवली होती आणि राखणीची एक खोप उभी होती, तुराट्यांची, एका बाजूने झुकलेली. माणूस नव्हते. “सटवादादा,” शिवकन्या म्हणाली, “नाव तिथं लावा.”

सटव्याने मास्तरांकडे पाहिले. विठ्ठलराव बेटाकडे पाहत होते. “दशम्या दोन दिवसांच्या आहेत,” ते म्हणाले. ती म्हणाली, “माहीत आहे.” “मदरशात कळवावं लागेल.” “होय.” मग ते म्हणाले, “तुझ्या आईला काय सांगायचं?”

“सटवादादा पाण्यातूनच हाक मारतील,” ती म्हणाली. “काठाला नाव न लावता. ती समजेल.”

नाव वाळूला घासून थांबली. शिवकन्या गाठोडे आणि वाकळ घेऊन उतरली, आणि गुडघाभर पाण्यातून चालत वाळूवर गेली. मागे पाण्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिले नाही. विठ्ठलराव आपले जोडे हातात धरून येत होते, हे तिला त्या आवाजावरून कळले. सटवा वासा रेटीत म्हणाला, “मास्तर, ध्यानात ठिवा. दिसात कवाबी काय लागलं, दुखलंखुपलं, तर हात वर करा. मी न्हाई तर दुसरा कुनी भोई येईल, मंजरथचा कुनीबी येईल. हात बगितला की कुनी थांबत न्हाई. म्हनून म्हनतो, उगा करू नका.”

“न्हाई करत,” शिवकन्या म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडून माहेरची बोली निघाली होती.

खोपीत जुनी राख होती आणि तीन दगड होते. विठ्ठलरावांनी वाळलेले वेल आणि काड्या गोळा केल्या. जाळ करताना तीन काड्या वाया गेल्या. जाळ धरला तेव्हा शिवकन्येने वाकळ आधी पूर्ण उलगडली, एकदा लांबी पाहिली, आणि मग हिरव्या कडेकडून ती जाळात सारली. जाड कापड लवकर पेटेना. ते धुमसत राहिले, धूर सरळ वर गेला. केशरी पटका, हिरवे लुगडे. तांबड्या झबल्यापाशी जाळ आला तेव्हा विठ्ठलरावांनी तोंड फिरवले. ती शेवटपर्यंत पाहत राहिली आणि उरलेली कड काडीने आत लोटली. तिची काख अजूनही दुखत होती. कदाचित दाबून दाबून.

ऊन तिरपे झाले तेव्हा खालून, घाटाच्या बाजूने सटव्याची हाक ऐकू आली. शब्द कळले नाहीत, पण हाक लांबलचक होती, तीनदा दिलेली. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग पलीकडच्या दरडीवर, ज्वारीच्या कडेला, माणसे दिसली. एक लुगडे नेसलेली आकृती पुढे आली आणि पाण्यापासून दूर, दरडीच्या वरच, थांबली. शिवकन्येला आईची ती उभे राहण्याची ढब दोन कोसांवरूनही ओळखता आली असती. आईने हाक मारली नाही, खाली उतरली नाही. तिने कडेवरचे मूल फक्त या कडेवरून त्या कडेवर घेतले, असे की त्याचे तोंड पाण्याकडे व्हावे. मूल धुराकडे पाहत असावे. मग त्याने हात वर केला. इवलासा, सरळ, बोटे पसरलेला. आणि तो हलत राहिला.

“अंबू,” विठ्ठलराव म्हणाले. त्यांचा हात कमरेपर्यंत आला होता. शिवकन्येने तो मनगटापाशी धरला, खाली आणला आणि सोडला नाही. आपला दुसरा हात तिने पदराखाली घेतला, पदर खांद्यावरून गुंडाळून घट्ट खोचला, आणि मूल दिसेल अशा बेताने ती वाळूवर उघड्यात जाऊन उभी राहिली. मंजरथच्या घाटावर तीन नावा मोकळ्या होत्या. त्यांतली एकही हलली नाही.